अनाथ पिल्लांची शुश्रूषा : एक धम्मकर्तव्य

(विहारातील वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात दर रविवारी या विहारात कोणी ना कोणी बोलते. कुणी धम्मपदावर बोलते, कुणी बाबासाहेबांच्या चळवळीवर, कुणी मुलांच्या शिक्षणावर. आज आम्हाला दिलेला विषय फळ्यावर वाचून काहींना हसू आले असेल. विषय आहे मांजराच्या अनाथ पिल्लांचे खाणेपिणे आणि औषधपाणी. पण विचार करा, उन्हाळा सरत आला की पावसाळा संपेपर्यंत आपल्या वस्तीत जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला पिल्ले सापडतात. मुले ती उचलतात आणि दारोदार फिरतात. एक घर म्हणते, "आमच्याकडे नको." दुसरे वाटीभर दूध पुढे ठेवते. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेलेले असते आणि मुले रडत असतात. दूध देणाऱ्याच्या मनात दया होती, तरी पिल्लू का मेले? आजचे बोलणे एवढ्याच प्रश्नावर आहे. आम्ही चार-पाच घरांनी मिळून गेली काही वर्षे हे काम केले आणि जनावरांच्या डॉक्टरांकडून जे शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एका प्रश्नाचे उत्तर

विषय ठरला तेव्हा वस्तीतल्या एका बाबांनी आम्हाला विचारले, "आमच्या बापजाद्यांचे हाल कुत्रे खात नव्हते. मांजर सवर्णांच्या चुलीपर्यंत जायचे आणि आम्हाला उंबरठा नव्हता. आणि आता तुम्ही आम्हालाच मांजरे सांभाळायला सांगता काय?"

प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी प्यायला मनाई नव्हती, माणसाला होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले ते याच अन्यायाविरुद्ध. १९३१ साली गांधीजींची भेट झाली तेव्हाही, आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षा हीन वागवले जाते, ही गोष्ट बाबासाहेबांनी त्यांना रोखठोक ऐकवली. हे आपण विसरलेलो नाही आणि विसरायचेही नाही.

पण पुढचे पाहा. तेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा देतात आणि त्यांतली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांविषयी असते! ज्यांनी पशूपेक्षा हीन जिणे स्वतः पाहिले, त्यांनी पशूचा राग केला नाही. राग केला तो माणसाने माणसावर लादलेल्या विषमतेचा. मांजराने कधी शिवाशीव पाळली नाही. ते महारवाड्यातही तितक्याच मोकळेपणाने येऊन बसत असे. भांडण मांजराशी नव्हतेच. ज्याला अन्नपाणी नाकारले गेले, त्यालाच उपाशी जिवाची कळ आधी कळली पाहिजे, असे आम्हाला वाटते. त्या बाबांनाही आम्ही हेच सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले की नाही ते ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले जुने धोतर पिल्लांच्या खोक्यासाठी पाठवून दिले.

आता त्या प्रतिज्ञेचे शब्द ध्यानात घ्या. तीत दया आहेच, पण तेवढ्यावर प्रतिज्ञा थांबत नाही. पुढे लालनपालनाची जबाबदारी आहे. दया मनात येते आणि मनातच राहू शकते. पालनाला मात्र रात्री दोन वाजता उठावे लागते.

आणखी एक गोष्ट चटकन सांगून टाकतो. मांजर आडवे गेले म्हणून परत फिरणे, काळे पिल्लू अपशकुनी म्हणून टाकून देणे, हे धम्म स्वीकारलेल्या घरात शोभत नाही. मांजर आडवे जाते, कारण त्याला रस्ता ओलांडायचा असतो.

शुश्रूषा करणाऱ्याचे गुण

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. मग संघाला बोलावून आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा, असा उपदेश केला. तेथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितलेले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळले पाहिजे. सेवा लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावनेने केली पाहिजे. मलमूत्र, ओकारी काढताना किळस वाटता कामा नये. आणि धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न ठेवता आले पाहिजे.

हा उपदेश माणसाच्या शुश्रूषेसाठी आहे. पण मांजराच्या पिल्लापाशी बसल्यावर आम्हाला प्रत्येक वेळी याच पाच गुणांची गरज पडली.

उचलण्याआधी पाहा

पिल्लू दिसले की लगेच उचलू नका. पिल्लाची आई अन्नाच्या शोधात जाते, किंवा एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या जागी नेत असते. पिल्ले स्वच्छ असतील, पोटे भरलेली असतील, गुपचूप एकमेकांच्या अंगावर झोपली असतील, तर आई जवळपास आहे असे समजावे. लांब उभे राहून दोन-चार तास लक्ष ठेवावे. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लाला टाकते, ही समजूत खरी नाही. पाऊस, कुत्री, रहदारी असा धोका असेल तर पिल्ले जवळच्या आडोशाला हलवावी आणि आईची वाट पाहावी. आईच्या दुधाची बरोबरी दुसरे कोणतेही दूध करू शकत नाही. आई सापडली तर तिलाच पोटभर खाऊ घालणे, हे पिल्लांचे सर्वांत चांगले पोषण आहे.

पिल्ले सतत ओरडत असतील, अंगाने मळलेली, थंड आणि पोटाने खपाटीला गेलेली असतील, किंवा आई मेल्याचे माहीत असेल, तरच ती घरी आणावी.

वय ओळखायला शिका, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. जन्मलेले पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते, डोळे मिटलेले, कान दुमडलेले. डोळे साधारण आठव्या ते बाराव्या दिवसापर्यंत उघडतात. तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहतात, पुढचे बारीक दात हाताला लागतात, पिल्लू लटपटत चालते. चार आठवड्यांचे पिल्लू धावते, खेळते आणि साधारण ४०० ते ४५० ग्रॅम भरते.

आधी ऊब, मग दूध

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माता-भगिनींनी ही एवढी एक जरी घरी नेली तरी आमचे बोलणे सार्थकी लागले. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका!

लहान पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही. अंग गार पडले की पोटाचे काम मंदावते, पाजलेले दूध पचत नाही, पोटात तसेच राहून नासते. दया करून दूध पाजले आणि पिल्लू मेले, असे होते त्याचे एक कारण हेच. पिल्लाच्या तोंडात करंगळीचे टोक घालून पाहा. आत गार लागले तर आधी ऊब द्या. पदराखाली, पोटाशी धरा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. हळूहळू, तास-दोन तास लागले तरी चालतील. चुलीजवळ किंवा थेट दिव्याखाली ठेवून एकदम तापवू नका.

घर म्हणजे पुठ्ठ्याचे एक खोके पुरे. आत जुन्या लुगड्याची घडी, एका बाजूला गुंडाळलेली गरम बाटली आणि दुसरी बाजू मोकळी, म्हणजे उकडले तर पिल्लाला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात खोक्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस ऊब हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आपोआप असते, पण पावसाळ्याच्या रात्री नसते. बाटली गार झाली की ती पिल्लाची ऊब शोषून घेते, म्हणून ती दर दोन-तीन तासांनी बदलली पाहिजे.

दूध कोणते, किती आणि कसे

आपल्याकडे मांजर म्हटले की दुधाची वाटी. पण गाई-म्हशीचे दूध वासरा-रेडकांसाठी असते. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट प्रथिने असतात. गाईच्या दुधातली साखर पिल्लांना नीट पचत नाही, जुलाब लागतात, अंगातले पाणी जाते आणि मुठीएवढा जीव एका रात्रीत संपतो. पाणी घालून पातळ केले तर पोषण आणखी कमी होते. माणसाच्या बाळाची पावडरही यासाठी नाही. जनावरांच्या औषधांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते, ती डब्यावर लिहिलेल्या मापाने कोमट पाण्यात कालवावी. दुकान बंद असेल तर ऊब दिल्यानंतर काही तास कोमट ओआरएसचे थेंब देऊन वेळ निभावता येते, पण ते अन्न नव्हे. सकाळी पावडर आणलीच पाहिजे.

पावडरीचा डबा स्वस्त नसतो. म्हणून एका घराने आणण्यापेक्षा चार घरांनी वर्गणी काढून आणावा. आम्ही तसेच करतो.

माप असे. दर १०० ग्रॅम वजनाला दिवसभरात साधारण २५ मिलिलिटर दूध, आणि एका वेळी १०० ग्रॅमला ४ मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी. मागते आहे म्हणून जास्त पाजू नये, जास्त पाजल्यानेही जुलाब होतात.

पाजण्याची रीत नीट ऐका. आपण आपल्या बाळाला मांडीवर उताणे घेतो, तसे पिल्लाला कधीही घेऊ नये. उताण्या पिल्लाच्या तोंडात दूध घातले की ते श्वासनळीत जाऊन फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. आईला पिताना पिल्लू जसे पोटावर असते तसेच ठेवावे, मान किंचित वर. सुई काढलेली लहान सिरिंज, ड्रॉपर किंवा पिल्लांची बाटली घ्यावी. दूध मनगटावर टाकून पाहावे, कोमट लागले पाहिजे. एकेक थेंब सोडावा आणि पिल्लाने गिळल्यावरच दुसरा. नाकातून दूध आले तर लगेच थांबावे, तोंड खाली करून पुसून घ्यावे. पाजून झाल्यावर पाठीवर हलकेच थोपटावे. सिरिंज प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुवावी. कालवलेले दूध बाहेर राहिले तर टाकून द्यावे, दुसऱ्या वेळेसाठी ठेवू नये.

किळस वाटून चालणार नाही

तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपोआप शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हाच होते. हे ठाऊक नसल्यामुळे दूध बरोबर देऊनही पिल्ले दगावतात. प्रत्येक वेळी पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखालची जागा हळुवार पुसत राहावे. मिनिटभरात लघवी होते. शी दिवसातून एकदा-दोनदा झाली तरी पुरे. मग कोरडे पुसून पिल्लू खोक्यात ठेवावे. तथागतांनी सांगितलेला चौथा गुण तो हाच. आमच्यातल्या एका भाऊंनी पहिल्या दिवशी नाक धरले होते, आठवड्याने तेच मुलांना हे काम शिकवू लागले.

रोज एकाच वेळी वजन करावे. घरी काटा नसेल तर किराणा दुकानदाराला विनंती करावी, त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅम दाखवतो. पिल्लू रोज १० ते १५ ग्रॅमने वाढले पाहिजे. वजन वहीत लिहावे. एक दिवस वाढले नाही तर लक्ष ठेवावे, घटले तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लाला बोलता येत नाही, त्याचे वजनच आपल्याला सांगते.

दूध सुटताना

चौथ्या आठवड्यापासून बशीत मऊ अन्न सुरू करावे. पिल्लांसाठी मिळणारे तयार अन्न त्याच दुधात कालवून द्यावे, किंवा उकडलेली कोंबडी, हाडे काढून, बारीक कुस्करून. मासळी द्यायची तर उकडून आणि काटे काढून, कच्ची नको. सुकट-बोंबील खारवलेले असतात, ते नकोत. आपल्या रश्शात कांदा-लसूण असतो आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला विषासारखे आहेत. म्हणून घरातली भाजी-आमटी घालू नये. नुसता दूधभात खाऊन मांजर वाढत नाही. मांसातून मिळणारी काही द्रव्ये नसली तर त्याचे डोळे आणि हृदय बिघडते.

इथे कुणी विचारतात, पहिले शील पाळणाऱ्याने मांजराला मांस घालावे काय? मांजर निसर्गानेच मांसाहारी आहे, त्याला पंचशील घेता येत नाही. त्याच्यासाठी कोणी वेगळा जीव मारायला सांगत नाही. घरात जे शिजते त्यातलेच मसाला घालण्याआधी बाजूला काढायचे, एवढेच.

याच वयात उथळ ट्रेमध्ये वाळू किंवा फाडलेली वर्तमानपत्रे ठेवावी. पिल्लू दोन दिवसांत शिकते.

आजार आणि औषध

पाच गुणांत औषधाचे ज्ञान पहिले आहे. पण आपले ज्ञान एवढेच असावे, की कोणते औषध आपण द्यायचे नाही आणि डॉक्टरकडे केव्हा धावायचे.

आधी नकार ऐका. क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला एक तुकडाही देऊ नका. त्याने मांजर मरते. ताप आला म्हणून माणसाची गोळी चुरून देणाऱ्यांना हे माहीत नसते. कुत्र्याच्या पिसवांचे औषध मांजराला लावू नका, त्यातले परमेथ्रिन मांजराला जीवघेणे आहे. फिनेल, डेटॉल, रॉकेल, डांबराच्या गोळ्या पिल्लाजवळ नकोत. ते अंग चाटते आणि विष पोटात जाते.

पिसवा ही लहान गोष्ट वाटते. पण ३०० ग्रॅमच्या पिल्लाचे रक्त असते तरी किती? पिसवा ते पिऊन टाकतात. हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झाले आहे. बारीक फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात टाकाव्या. पिल्लू धडधाकट असेल तर कोमट पाण्याने भराभर धुऊन लगेच कोरडे करावे, ओले ठेवू नये.

जंत जवळजवळ प्रत्येक पिल्लाला असतात. दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी जंताचे औषध द्यावे लागते. ते वजनावर असते, म्हणून माप डॉक्टरांकडूनच घ्यावे.

डोळे चिपडांनी चिकटले तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून हळूच पुसावे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. काजळ, मध, घरात उरलेले माणसाचे थेंब घालू नयेत. शिंका, नाक गळणे आणि डोळे येणे ही मांजराच्या सर्दीची लक्षणे. नाक चोंदले की पिल्लाला वास येत नाही, वास आला नाही की ते खात नाही. वेळीच औषध मिळाले नाही तर डोळा जातो.

सर्वांत भयंकर रोग म्हणजे पॅनल्यूकोपेनिया. कालपर्यंत खेळणारे पिल्लू आज मान टाकते, ओकते, जुलाब होतात. हा विषाणू जमिनीत, फडक्यात वर्षभरही टिकतो. म्हणून नवीन आलेले पिल्लू घरातल्या मांजरांपासून दोन आठवडे वेगळे ठेवावे, हात धुऊन मगच दुसऱ्याला हात लावावा. मेलेल्या पिल्लाचे खोके दुसऱ्याला वापरू नये, जाळून टाकावे.

यावर लस आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात.

पिल्लू दूध घेत नाही, उठत नाही, श्वास घेताना तोंड उघडते, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर पूर्ववत होत नाही, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय बंद. ऊब द्या, हिरड्यांना साखरपाण्याचा थेंब लावा आणि दवाखाना गाठा. महाराष्ट्रात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे जुने रुग्णालय आहे. आणि आपण बौद्धांनी तर हे अभिमानाने सांगावे, की सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. तो लेख गिरनारच्या खडकावर आजही आहे.

आपलीही काळजी

दया करताना घरातल्या लेकरांना धोका होता कामा नये. मांजराने चावले किंवा ओरबाडून रक्त काढले तर "पिल्लूच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जा, रेबीजची लस तिथे मिळते. तिचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा झाला की त्याला औषध नाही.

गरोदर भगिनींनी मांजराची घाण काढू नये, दुसऱ्याने काढावी. पिल्लाच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण असते, मुलांना लागते. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

जे जगत नाहीत

आता एक कठीण गोष्ट. सगळे बरोबर केले तरी काही पिल्ले जगत नाहीत. विशेषतः डोळे न उघडलेली. एका पावसाळ्यात मुलांनी नाल्याकाठची गोणी सोडून चार पिल्ले आणली. भिजलेली, गार. ऊब दिली, डॉक्टरांनी पाहिले. दोन त्या रात्रीच गेली. तिसरे नऊ दिवस जगले, डोळे उघडले आणि गेले. चौथे जगले. ते आज वस्तीत फिरते आहे, पांढऱ्या पायांचे, तुम्ही सगळे त्याला ओळखता.

तिसरे गेले त्या दिवशी एका मुलीने विचारले, "मग आपण एवढं कशाला केलं?" आम्ही तिला किसा गोतमीची गोष्ट सांगितली, मरण न पाहिलेल्या घरातली मोहरी शोधत फिरलेल्या आईची. पण त्याबरोबर हेही सांगितले, की ते पिल्लू नऊ दिवस उपाशी नव्हते, गार नव्हते आणि एकटे नव्हते. गोणीत मरणे आणि उबेत मरणे यात फरक आहे. अनित्यता सर्वांना आहे, म्हणून शुश्रूषा व्यर्थ ठरत नाही. तथागतांना अनित्यता पुरती ठाऊक होती, तरी त्यांनी त्या भिक्खूला धुतलेच ना? आजाऱ्याला धम्म सांगण्याचा जो पाचवा गुण, तो पिल्लापाशी उपयोगी नाही. पण पिल्लापाशी बसलेल्या मुलांसाठी तो फार उपयोगी आहे.

गोणी बांधण्याची वेळच येऊ नये

गोणी बांधणारा माणूस आपल्यासारखाच असतो. त्याचे घर दहा बाय बाराचे, मांजरी दर काही महिन्यांनी विणार, करणार काय? त्याला नुसते निर्दयी म्हणून भागत नाही. जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणे १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला सांगावे, पण वाटही दाखवावी. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. म्हणून त्याआधीच नसबंदी करून घ्यावी, बोक्याचीही. यात हिंसा नाही. भूल देऊन केलेली एक शस्त्रक्रिया पुढच्या कित्येक गोण्या वाचवते. पालिका आणि प्राणिमित्र संस्था यासाठी मदत करतात, चौकशी करावी.

विहाराने काय करावे

शेवटी विहार समितीपुढे आमची विनंती आहे. विहाराच्या कपाटात एक लहान पेटी ठेवावी. तीत वजनकाटा, चार सिरिंजा, गरम पाण्याची बाटली, कापूस, जुने स्वच्छ कपडे आणि दुधाच्या पावडरीचा एक डबा असावा. झाकणाच्या आत दवाखान्याचा पत्ता आणि वेळ लिहिलेली असावी. एक वही असावी, तीत पिल्लाचे रोजचे वजन आणि पाजण्याच्या पाळ्या. रात्रीची पाळी एकाच घरावर पडली की ते घर चार दिवसांत थकते. पाच घरांत वाटली तर कुणालाच जड जात नाही. दर रविवारच्या बालसंस्कार वर्गातल्या मोठ्या मुलांना वजन घेणे आणि नोंद ठेवणे शिकवावे. सिरिंज मात्र मोठ्या माणसाच्या हाती असावी.

यात माणसाच्या तोंडचा घास काढला जात नाही. उलट जी घरे एकमेकांशी बोलत नव्हती, ती पाळीच्या निमित्ताने बोलू लागली, हे आम्ही पाहिले. ज्या मुलाने पंधरा रात्री एका मुठीएवढ्या जिवाचे वजन लिहिले, तो उद्या घरातल्या आजारी आजीकडे पाठ फिरवणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

करणीय मेत्त सुत्त आपण या विहारात म्हणतो. त्यात आईच्या मायेची उपमा आहे. ती माया सर्व प्राणिमात्रांपर्यंत न्यावी, असे सुत्त सांगते. या पावसाळ्यात जिन्याखालून बारीक आवाज आला, तर आधी थांबून पाहा, मग ऊब द्या, मग दूध. आणि एकट्याने करू नका, शेजाऱ्याला हाक मारा.



नमो बुद्धाय! जय भीम!